बीटाचा लाल रंग आणि रक्तवाहिन्या

मुंबईत सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या वाटेवर बीटाचा रस विकणारे हमखास भेटतात, आणि 'रक्त वाढतं, रक्त शुद्ध होतं' हेही हमखास ऐकायला मिळतं. पण लाल दिसतं म्हणून रक्त वाढवतं, या समजुतीला काही आधार नाही. तो रंग बीटालेन या द्रव्याचा, त्याचा हिमोग्लोबिनशी संबंध नाही. आणि रक्त गाळायचं काम मूत्रपिंडं रोज करतातच. बीटाची खरी करामत आहे त्यातल्या रंगहीन नायट्रेटमध्ये; त्याच्यामुळे रक्तवाहिन्या सैलावायला मदत होते. पालक, माठ, मुळ्याचा पाला यांतही ते भरपूर असतं.

रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर दाखवलं, की हा थर शाबूत असेल तर अॅसिटिलकोलीन हे रसायन दिल्यावर वाहिनी सैल पडते. थर खरवडला गेला असेल तर पडत नाही. म्हणजे थरातून काहीतरी सुटत होतं. ते निघालं नायट्रिक ऑक्साइड, जेमतेम काही सेकंद टिकणारा वायू! फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. हा वायू शेजारच्या स्नायूपेशीत शिरून ग्वानिलेट सायक्लेज हे विकर जागं करतो, त्यातून सायक्लिक जीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, स्नायू सैलावतो, वाहिनी रुंदावते आणि रक्तदाब उतरतो.

वय, तंबाखू, मधुमेह यांमुळे थराची ही क्षमता घटते. पालेभाजी तिथे नायट्रिक ऑक्साइडसाठी दुसरी वाट काढते, आणि ती वाट मला फार आवडते. आतड्यातून रक्तात गेलेल्या नायट्रेटपैकी साधारण पाव हिस्सा लाळग्रंथी खेचून घेतात आणि पुन्हा तोंडात सोडतात. जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात; आपल्या पेशींना हे फारसं जमत नाही. गिळलेल्या नायट्राइटपासून जठरातल्या आम्लात थोडं नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. उरलेलं रक्तात जातं आणि जिथे प्राणवायू कमी, तिथे त्याचंही नायट्रिक ऑक्साइड होतं. जंतुनाशक माउथवॉशने हे जिवाणू मारले, तर लाळेतलं नायट्राइट घसरतं. काही प्रयोगांत रक्तदाबही किंचित वाढलेला दिसला आहे.

नायट्रेट पाण्यात विरघळतं. म्हणून पालक उकडून पाणी मोरीत ओतू नका, डाळीत घाला.

रक्तदाब उतरवायचा फळांचा मार्ग वेगळा. त्यातलं पोटॅशियम मूत्रपिंडांना जादा सोडियम बाहेर टाकायला मदत करतं. जागतिक आरोग्य संघटना फळं-भाज्या मिळून रोज किमान ४०० ग्रॅम खायला सांगते. मात्र बीटाच्या रसाने रक्तदाब उतरतो तो थोडासाच. त्याच्या भरवशावर बीपीची गोळी बंद करू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर पोटॅशियमचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.