आयर्लंडमधील रेल्वेछंद

आयर्लंड बेटावरच्या रेल्वेगाड्या न्याहाळणे, त्यांची छायाचित्रे काढणे, कोणत्या दिवशी कोणत्या गाडीला कोणते इंजिन लागले याची नोंद ठेवणे आणि या साऱ्यावर आपल्यासारख्याच मंडळींशी तासन्‌तास काथ्याकूट करणे, असे या छंदाचे स्वरूप आहे. असा छंद असलेल्याला तिथल्या इंग्रजी बोलीत ‘ग्रायसर’ म्हणतात. शब्दाला थट्टेची छटा आहे, पण ही मंडळी तो स्वतःलाही खुशाल लावून घेतात. ब्रिटनमधल्या रेल्वेछंदाचे हे धाकटे भावंड मानले जाते. स्वभाव मात्र वेगळा आहे, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे या रेल्वेचा लहान जीव. जिथे एका जातीची अठराच इंजिने असतात, तिथे माणसे जातीबद्दल कमी आणि एकेका इंजिनाबद्दल जास्त बोलतात.

हे लहानपण गेजने, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराने, आणखी पक्के केले. देशातली पहिली रेल्वे डब्लिन ते किंग्जटाउन अशी १८३४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचे गेज ब्रिटनप्रमाणे ४ फूट ८½ इंच होते. अल्स्टर रेल्वेने ६ फूट २ इंच निवडले, डब्लिन–ड्रॉहेडा कंपनीने ५ फूट २ इंच. शेवटी १८४६ च्या कायद्याने ५ फूट ३ इंच, म्हणजे १,६०० मिमी, हे माप ठरले. आयर्लंडबाहेर ते मुख्यतः ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत आणि ब्राझीलमध्ये आढळते. भारतीय ब्रॉडगेजपेक्षा ते ३ इंचांनी अरुंद, ब्रिटिश रुळांपेक्षा साडेसहा इंचांनी रुंद. त्यामुळे शेजारच्या ब्रिटनमध्ये जतन केलेली डझनावारी वाफेची इंजिने असूनही एखादे आठवडाभर उसने आणून चालवावे अशी सोय नाही. इथले इंजिन भंगारात गेले की गेले, हे प्रत्येक छायाचित्रकाराला ठाऊक असते.

दक्षिणेत, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताकात, ‘इआर्नरोड एरन’ आणि ब्रिटनच्या अखत्यारीतल्या उत्तर आयर्लंडमध्ये ‘नॉर्दर्न आयर्लंड रेल्वेज’ अशा दोन संस्था गाड्या चालवतात. इआर्नरोड म्हणजे शब्दशः लोखंडी वाट, आपल्या ‘लोहमार्गा’चे सख्खे भावंड. ही संस्था १९८७ मध्ये ‘सी.आय.ई.’ या सार्वजनिक वाहतूक मंडळाची उपकंपनी म्हणून वेगळी काढली गेली. त्याआधीच्या इंजिनांना जुनी मंडळी अजून ‘सी.आय.ई.ची’ म्हणतात.

छंदाचा गाभा आहे डिझेल इंजिने, त्यातही अमेरिकन जनरल मोटर्सची. १९५५–५६ मध्ये ब्रिटनहून आलेल्या ६० ‘ए’ वर्गीय इंजिनांची क्रॉस्ली यंत्रे धूर ओकत आणि वारंवार बिघडत. त्या अनुभवाने पोळलेल्या सी.आय.ई.ने १९६१ मध्ये जनरल मोटर्सची १५ इंजिने आणली. हा १२१ वर्ग. त्यांना केबिन एकाच टोकाला होती, त्यामुळे पुढे त्यांची पाठीला पाठ लावून जोडी चालवण्याची पद्धत पडली. १९६२ चा १४१ वर्ग आणि १९६६ चा १८१ वर्ग यांना छंदी मंडळी लाडाने ‘बेबी जीएम’ म्हणतात. ‘ए’ वर्गाच्या पोटातही १९६८ नंतर जनरल मोटर्सचीच यंत्रे बसवली गेली. १९७६ मध्ये १८ इंजिनांचा ०७१ वर्ग आला. पुढे १९९४–९५ मध्ये कॅनडात बांधलेल्या ३४ इंजिनांचा २०१ वर्ग आला. त्यातली दोन उत्तरेच्या वाट्याला गेली. या वर्गातले पहिले इंजिन आंतोनोव्ह मालवाहू विमानात घालून डब्लिनला उतरवले होते. त्या दिवसाची छायाचित्रे आजही हौसेने दाखवली जातात. या इंजिनांना नद्यांची नावे आहेत. त्यांच्यात जनरल मोटर्सचे ७१० मालिकेचे बारा सिलिंडरांचे यंत्र आहे. भारतातल्या डब्ल्यूडीजी-४ इंजिनात त्याच मालिकेचे सोळा सिलिंडरांचे यंत्र असते. चढावर घुमत येणारा तो आवाज ज्या मराठी रेल्वेप्रेमीच्या कानात बसला आहे, त्याला डब्लिनच्या फलाटावर फारसे परके वाटू नये.

छंदी मंडळींच्या दृष्टीने मोठी पडझड २००७ नंतर झाली. दक्षिण कोरियात बांधलेल्या २२००० वर्गाच्या डिझेल युनिट गाड्या, म्हणजे वेगळे इंजिन नसलेल्या, डब्यांखालीच यंत्रे असलेल्या गाड्या, आल्या आणि इंजिनाने ओढायच्या प्रवासी गाड्या डब्लिन–कॉर्क व डब्लिन–बेलफास्ट अशा मोजक्या मार्गांपुरत्या उरल्या. २०१ वर्गातली बरीच इंजिने वयाने तरुण असतानाच बाजूला उभी राहिली. प्रवाशाला युनिट गाडी सोयीची असते, यात वाद नाही. पण दोन्ही टोकांना सारखीच दिसणारी आणि दर तासाला तशीच येणारी गाडी टिपण्यासाठी पहाटे उठून कोणी जात नाही.

म्हणून आता कॅमेऱ्यांचा मोर्चा मालगाड्यांकडे वळला आहे. त्या थोड्याच आहेत: नॅव्हनजवळच्या टारा खाणीतून डब्लिन बंदराकडे जाणारी जस्ताच्या खनिजाची गाडी, मेयो परगण्यातून वॉटरफर्डला जाणारी लाकडाची गाडी आणि बॅलिनाहून निघणाऱ्या, ‘लायनर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंटेनर गाड्या. खनिजाची गाडी बहुधा ०७१ वर्गाच्या हाती असते. ती बॉइन नदीवरच्या ड्रॉहेडाच्या उंच पुलाजवळ सापडते का, हे पाहत लोक थांबतात. १८५५ चा हा पूल दगडी कमानी आणि लोखंडी गर्डर यांचा आहे. उत्तरेला न्यूरीजवळ १८५२ चा क्रेगमोर पूल आहे. त्याच्या १८ कमानींवरून ‘एंटरप्राइझ’ ही डब्लिन–बेलफास्ट गाडी जाताना टिपायची तर हिरव्या कुरणात चांगले लांब उभे राहावे लागते. डब्लिनच्या दक्षिणेला ब्रे हेडच्या कड्याला बिलगून, बोगद्यांतून समुद्राकाठाने जाणारा मार्ग पर्यटकांनाही माहीत आहे, त्यामुळे जाणकार त्याला थोडे नाक मुरडतात. त्यांची आवडती जागा म्हणजे कुठल्याशा आडरस्त्यावरचा, रुळांवरून जाणारा जुना दगडी पूल.

आयर्लंडमध्ये छायाचित्रकाराची खरी झटापट उजेडाशी असते. डब्लिन ५३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर येतो आणि दिवस साडेसात तासांचा असतो. ऊन पडले तर ते सोनेरी आणि तिरपे, गाडीच्या चाकांपर्यंत पोचणारे असते, पण एखाद्या झुडपाची सावलीही अख्ख्या इंजिनावर पडते. जूनमध्ये उलट: सतरा तासांचा दिवस, आणि रात्री नऊलाही चालणारा कॅमेरा. या दोन्हींच्या मधे ढग. गाडी येण्याच्या नेमक्या क्षणी ढग सूर्यावर येतो, ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की ती आता तक्रार राहिलेली नाही. नव्या गाड्यांनी आणखी एक पेच घातला. त्यांच्या कपाळावरच्या एलईडी पाट्या लुकलुकत असतात. शटर फार जलद ठेवले तर गंतव्यस्थानाचे नाव अर्धेच उमटते, आणि मंद ठेवले तर धावती गाडी पुसट येते.

गेलेल्या मालगाड्यांपैकी सर्वांत जास्त हळहळ बीटच्या गाड्यांबद्दल ऐकू येते. शरद ऋतूपासून जानेवारीपर्यंत वेक्सफर्ड परगण्यातल्या वेलिंग्टनब्रिज स्थानकात साखरेचे बीट भरले जाई आणि चारचाकी वाघिणींच्या लांबलचक रांगा कॉर्क परगण्यातल्या मॅलोच्या साखर कारखान्याकडे निघत. उसाच्या हंगामात आपल्याकडे साखर कारखान्याभोवती जी धामधूम असते, तिचाच हा रुळांवरचा अवतार. वाघिणी तर पाहण्यासारख्या होत्या: एका जुन्या वाघिणीच्या पेटीवर दुसरी चढवून केलेल्या. २००५–०६ चा हंगाम शेवटचा ठरला, २००६ मध्ये मॅलोचा कारखाना बंद झाला आणि २०१० मध्ये वॉटरफर्ड–रॉसलेअर मार्गावरची प्रवासी गाडीही थांबली. त्या शेवटच्या हंगामाची छायाचित्रे विपुल आहेत. त्याआधीच्या कंटाळवाण्या, साध्या हंगामांची तुलनेने कमी. आपले रोजचे दृश्य संपणार आहे हे कळल्यावरच माणसे कॅमेरा काढतात, हा या छंदातला जुना दोष.

याला एक अपवाद उत्तर आयर्लंडमध्ये घडला. सी.आय.ई.ने १९६३ मध्ये वाफेची इंजिने काढून टाकली, ब्रिटनच्या मुख्य रेल्वेने १९६८ मध्ये. पण बेलफास्टजवळच्या मोटारमार्गासाठी भराव हवा होता. मॅगरामोर्नच्या खाणीतून तो वाहून आणणाऱ्या गाड्या १९६६ ते १९७० अशा वाफेवरच धावल्या, पुढे एक आणि मागे एक इंजिन लावून. ही ‘जीप’ टोपणनावाची, पाण्याची टाकी अंगावरच वाहणारी इंजिने पाहायला समुद्र ओलांडून ब्रिटिश छंदी येत. त्यांतले चौथ्या क्रमांकाचे इंजिन व्हाइटहेडच्या ‘रेल्वे प्रिझर्व्हेशन सोसायटी ऑफ आयर्लंड’ने जपले. १९६४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था मुख्य मार्गांवर विशेष सहलगाड्या काढते. सहलीत एखाद्या स्थानकावर सगळे उतरतात, गाडी मागे हटते आणि धूर सोडत कॅमेऱ्यांसमोरून पुन्हा धावते. अशा वेळी कोणी रांगेच्या पुढे पाऊल टाकले, तर एरवी सौम्य असणाऱ्या माणसांचा आवाज कसा चढतो हे पाहण्यासारखे असते.

चर्चेच्या अंगाला आधार आहे तो १९४६ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयरिश रेल्वे रेकॉर्ड सोसायटी’चा. डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकात तिचे ग्रंथालय आहे, स्वतःचे नियतकालिक आहे आणि पारदर्शिका दाखवत होणाऱ्या व्याख्यानांची परंपरा आहे. देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयातला जेम्स ओ’डे यांचा रेल्वे छायाचित्रांचा मोठा संग्रह हेही अशाच एका हौशी माणसाचे काम.

जुने छायाचित्र समोर आले की पहिला प्रश्न असतो: केव्हाचे? मग पुरावे निघतात. इंजिनावर ‘ए३९’ असे अक्षर असेल तर छायाचित्र बहुधा १९७२ पूर्वीचे, कारण नंतर अक्षरे गळून क्रमांक ०३९ असा झाला. पाटीवर ‘किंग्जब्रिज’ असेल तर १९६६ पूर्वीचे. त्या वर्षी, ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावाच्या पन्नाशीनिमित्त, पंधरा स्थानकांना उठावाच्या नेत्यांची नावे दिली गेली आणि किंग्जब्रिजचे ह्यूस्टन झाले. रंगसंगतीवरूनही काळ कळतो. साठच्या दशकातल्या काळ्या-तांबूस रंगाला मंडळी ‘ब्लॅक अँड टॅन’ म्हणतात. १९२०–२१ च्या बदनाम ब्रिटिश दलाचेही हेच नाव होते. त्यामुळे हे टोपणनाव घेताना आयरिश माणसाच्या ओठांवर एक विशिष्ट हसू येते.

या साऱ्यात दुर्लक्षित राहिल्या त्या पीट, म्हणजे दलदलीतली कुजलेल्या वनस्पतींची माती, वाहणाऱ्या बोर्द ना मोना या सरकारी कंपनीच्या ३ फुटी गेजच्या छोट्या गाड्या. दलदलीतून हलवता येण्याजोगे रूळ टाकून त्या जळाऊ पीट वीजकेंद्रांपर्यंत नेत. वेळापत्रक नाही, स्थानके नाहीत, म्हणून बऱ्याच ग्रायसरांनी त्यांना रेल्वेत धरलेच नाही. शॅननब्रिज आणि लेन्सबरोची वीजकेंद्रे डिसेंबर २०२० मध्ये बंद झाली, एडेंडेरीच्या केंद्राने २०२३ च्या अखेरीस पीट जाळणे थांबवले, आणि या गाड्यांपुढे नेहमीपेक्षा जास्त कॅमेरे दिसू लागले ते अगदी शेवटच्या त्या वर्षांत.