होम कॉम्प्युटरवरील गेम : फ्लॉपी आणि हार्ड डिस्क

कमोडोर अमिगा, अटारी एसटी अशा १९८०च्या दशकातील होम कॉम्प्युटरवर बहुतेक गेम फ्लॉपीवरूनच चालत. ते हार्ड डिस्कवर नुसते कॉपी करून भागत नाही. अडचण जागेची नसून ताब्याची आहे: असे गेम ऑपरेटिंग सिस्टिमला बाजूला सारून सगळे मशीन स्वतःकडे घेतात.

अमिगाची ३.५ इंची फ्लॉपी ८८० केबीची. १६० ट्रॅक (गोल पट्टे), दर ट्रॅकवर ५१२ बाइटचे ११ सेक्टर (तुकडे). मशीन सुरू होताच रॉममधील किकस्टार्ट (अमिगाचा मूळ सिस्टिम प्रोग्राम) पहिले दोन सेक्टर, म्हणजे बूट ब्लॉक, मेमरीत घेऊन त्यातला कोड चालवते. तो कोड सिस्टिमचे इंटरप्ट (प्रोसेसरला मध्येच थांबवणारे संकेत) बंद करतो आणि पुढचे ट्रॅक स्वतःच्या ट्रॅकलोडरने, म्हणजे थेट ट्रॅक वाचणाऱ्या कोडने, वाचतो. अशा फ्लॉपीवर फाइल नसतातच. वर्कबेंचवर (अमिगाच्या डेस्कटॉपवर) तिच्या चित्राखाली ‘एनडॉस’ (अमिगाच्या डॉसची नव्हे) एवढेच दिसते. ट्रॅकची मांडणी मनासारखी करता येत असल्याने काही गेम एका ट्रॅकवर १२ सेक्टर बसवत. नक्कल होऊ नये म्हणून नेहमीपेक्षा लांब ट्रॅकही लिहून ठेवत. असा ट्रॅक घरच्या ड्राइव्हवर नीट लिहिता येत नाही.

फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणून ती पूर्ण वाचायला किमान ३२ सेकंद लागतात. हेड सरकण्याचा वेळ निराळा. एका फ्लॉपीच्या गेमला हे खपून जाते. ‘मंकी आयलंड २’ अमिगावर ११ फ्लॉप्यांवर आला. तो फाइलरूपात असल्याने हार्ड डिस्कवर टाकता येतो, आणि टाकलेलाच बरा.

पीसीच्या डॉस सिस्टिमवरचे गेमही बहुधा फाइलरूपातच. ए ड्राइव्हचाच हट्ट धरणारा गेम ‘सबस्ट’ कमांडने हार्ड डिस्कवरची डिरेक्टरी ए म्हणून दाखवली की पुष्कळदा बिनतक्रार चालतो. थेट फ्लॉपीवरून बूट होणाऱ्या गेमपुढे मात्र ही युक्ती चालत नाही.

अमिगावर यावर उपाय निघाला तो १९९६ मध्ये, बर्ट यान यांच्या डब्ल्यूएचडीलोड या प्रोग्राममुळे. फ्लॉपीतला मजकूर एका फाइलमध्ये उतरवतात. ‘स्लेव्ह’ नावाची छोटी फाइल गेमचा ट्रॅकलोडर मेमरीतच बदलते. गेमने ट्रॅक मागितला की फाइलमधला तेवढा तुकडा त्याच्या हाती पडतो. सिस्टिम मेमरीत टिकवावी लागते, त्यामुळे मूळ गेमला ५१२ केबी पुरत असले तरी इथे जास्त मेमरी हवी. ‘प्रीलोड’ चालू ठेवल्यास फाइल आधीच मेमरीत येतात. त्यांना जागा पुरली नाही, तर दर लोडिंगला सिस्टिम क्षणभर परत आणावी लागते आणि पडदा लुकलुकतो.

सेव्ह केलेला खेळ गायब होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे थेट वीज बंद करणे. लिहायचा मजकूर मेमरीत साठून राहतो आणि बाहेर पडताना डिस्कवर उतरतो. म्हणून आधी क्विट-की, म्हणजे गेममधून बाहेर पडण्याची की, दाबावी (बहुधा एफ१०). साध्या ६८००० प्रोसेसरवर ती प्रत्येक गेममध्ये चालतेच असे नाही, कारण व्हेक्टर टेबल (इंटरप्ट आल्यावर कुठला कोड चालवायचा त्याची यादी) हलवण्याची सोय ६८०१०पासून आली.

अमिगा ६०० किंवा १२००मध्ये हार्ड डिस्कऐवजी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावले असेल, तर पार्टिशनचा ‘मॅक्सट्रान्सफर’ (एका वेळी किती मजकूर न्यायचा त्याचा कमाल आकडा) ०एक्स१एफई०० ठेवावा. तो मोठा राहिला तर १२८ केबीहून मोठ्या फाइल वाचताना बिघडतात, आणि माणूस भलताच स्लेव्ह तपासत बसतो.