ग्रंथपालाची जागा: बडोद्यापासून आजपर्यंत

शाळेत ग्रंथपाल नेमायचा की वाचनालय एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात मारायचं, हा विषय निघाला की बडोदेकर हमखास सयाजीरावांचं नाव काढतात. त्यात अभिमान आहेच, पण मुद्दाही आहे.

१८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण करून पाहिलं गेलं आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू झालं. अडचण पुढे होती. गावात वाचायला काही नसेल, तर शाळा सुटल्यावर शिकलेली अक्षरं किती दिवस टिकणार? मोतीभाई अमीन हे शिक्षक गुजरातच्या चरोतर भागात मित्रमंडळांमार्फत वाचनालयं उघडतच होते. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून विल्यम ॲलन्सन बोर्डन या ग्रंथपालाला आणलं आणि ग्रंथालय हे संस्थानाचं खातंच झालं.

लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून त्या गावोगाव फिरायच्या, वाहतुकीचा खर्च सरकारचा. फिरत्या वाचनालयाची ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. बोर्डननी १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग काढला, हे मात्र कमी जणांना माहीत असतं. माझ्या मते खरी अक्कल तिथे दिसते. पेटी उघडून कोणाच्या हातात काय द्यायचं, हे कळणारा माणूस तयार करायचा. १९१२ मध्ये या खात्याचं नियतकालिक निघालं, त्यात इंग्रजी-गुजरातीबरोबर मराठी विभागही होता. बोर्डन १९१३ मध्ये परत गेले, काम चालू राहिलं. मांडवीजवळची मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत बरीच नंतरची, १९३१ची. पाहुण्यांना दाखवायला आपण नेतो ती मात्र तीच!

स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक शाळांना प्रशिक्षित ग्रंथपाल हवा, असं स्पष्ट सांगितलं. अमेरिकेत कीथ करी लान्स या ग्रंथालय-संशोधकाने कोलोरॅडोतल्या शाळा तपासल्या. १९९३ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात, घरची गरिबी-श्रीमंती हिशेबात धरूनही, सुसज्ज ग्रंथालय आणि पुरेसे कर्मचारी असलेल्या शाळांतली मुलं वाचनात पुढे दिसली. ग्रंथपाल शिक्षकांबरोबर बसून धडा आखतो तिथे फरक पडतो, हेही त्यात आलं.

आपल्याकडे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीने प्रत्येक शाळेत ग्रंथालय सक्तीचं केलं; वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टीची पुस्तकं, सगळं लिहिलंय. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवासाठी अर्धवेळ शिक्षकही सांगितलेत. ग्रंथपालाचं नाव त्या यादीत नाही.