नहाणी ट्रॅप : धुण्याच्या जागेची फरशी बदलताना

नहाणीघर, मोरी किंवा कपडे धुण्याच्या जागेच्या फरशीत बसवलेला सांडपाण्याचा सापळा. जाळीतून आलेले पाणी पुढे वाहून जाते, पण वाकणात थोडे पाणी कायम उरते आणि तेच ड्रेनेजमधला वास व झुरळे घरात येऊ देत नाही. या पाण्याची खोली साधारण ५० मिमी असावी लागते. असे वाकण शौचकूपासाठी वापरण्याचे पेटंट अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली ब्रिटनमध्ये घेतले होते.

मुंबई-पुण्यातील जुन्या इमारतींत हा ट्रॅप आणि पुढचा पाईप बहुधा बिडाचा असतो. सॉकेटमध्ये, म्हणजे पाईपच्या रुंद तोंडात, तागाचा पीळ ठासून त्यावर वितळलेले शिसे ओतत आणि गार झाल्यावर ते छिन्नीने ठोकून घट्ट करत. चांगला जमलेला असा जोड कित्येक दशके टिकतो. आधी खराब होतो तो पाईप. आतून गंजून खरखरीत झालेल्या बिडात साबणाची साय आणि कपड्यांचे तंतू अडकतात, वाट अरुंद होते आणि वॉशिंग मशीनने एकदम पाणी सोडले की ते जाळीतून उलटे वर येते.

नूतनीकरणात सर्वाधिक हेळसांड होते ती ट्रॅपच्या उंचीची. टाइलवर टाइल बसवली की फरशी १५ ते २० मिमी वर येते आणि जाळी खड्ड्यात जाते. तेवढा फरक वाढीव तुकडा जोडून भरून काढता येतो. मात्र संक, म्हणजे नहाणीखालच्या खोलगट स्लॅबमधला भराव, फोडून नवा कोबा होणार असेल, तर जुना ट्रॅप काढूनच टाकावा. तो तसाच गाडून वर दुसरा ट्रॅप बसवणे हे सर्रास दिसणारे आणि अगदी चुकीचे काम आहे. दोन ट्रॅपच्या मधे हवा कोंडते, पाणी गुडगुडत हळूहळू उतरते आणि खालच्या ट्रॅपमधला गाळ काढायला हात पोचत नाही.

नवे पीव्हीसी जुन्या बिडाला जोडायचे ठिकाण सर्वांत नाजूक. उष्णतेने पीव्हीसी बिडाच्या पाचपटीहून अधिक प्रसरण पावते आणि त्याच्या गुळगुळीत अंगाला सिमेंट धरत नाही. त्यामुळे नुसते सिमेंट भरलेला जोड पुढे सुटतो. रबरी रिंगचा अडॅप्टर वापरणे उत्तम. पीव्हीसी पाईप कोब्यातून किंवा स्लॅबमधून जातो, तिथे जाणता प्लंबर त्या भागाला सॉल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी चिकटवण्याचे द्रावण) लावून वर कोरडी वाळू दाबतो. ती घट्ट बसली की खरखरीत पृष्ठभागावर सिमेंट पकड घेते. जुना पाईप बिडाचा नसून ॲस्बेस्टॉस सिमेंटचा निघाला, तर त्यावर कोरडा ग्राइंडर मुळीच चालवू नये, कारण त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात जातात.

वॉशिंग मशीनची नळी जाळीखाली कोंबण्याऐवजी बाजूने तोंडे असलेला मल्टी ट्रॅप बसवावा. त्याच्या एका तोंडाला उभा पाईप जोडून त्यात नळी सैल सोडावी. भोवती हवेला वाट राहिली, तर मशीनमधले पाणी आपोआप ओढले जात नाही. ड्राय बाल्कनीत मशीन ठेवण्याआधी तिथली जाळी कोणत्या पाईपला जोडली आहे ते तपासावे. तो पावसाळी पाईप असेल, तर साबणाचे पाणी थेट पर्जन्यवाहिनीत जाईल.

फरशीला जाळीकडे मीटरला १० ते १५ मिमी ढाळ ठेवतात. टाइल बसवण्यापूर्वी ट्रॅपचे तोंड बूच लावून बंद करतात, वॉटरप्रूफिंगवर पाणी भरतात आणि ते निदान २४ तास ठेवून खालच्या छताला ओल येते का ते पाहतात. ही चाचणी घाईत टाळली, तर गळती शोधायला नवी फरशी पुन्हा फोडावी लागते.

महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक ड्रेनेज पाईपची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते, तर सदनिकेतील संडास, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च सदस्याकडे येतो. असा खोलगट संक स्लॅब नसलेल्या इमारतींत ट्रॅप स्लॅबखाली, म्हणजे खालच्या शेजाऱ्याच्या छताला लटकलेला असतो. तो बदलण्याचे बरेचसे काम त्यांच्याच घरात शिडी लावून करावे लागते, म्हणून तारीख त्यांच्याशी बोलून ठरवतात.