आपत्कालीन ब्रेक आणि क्रूझ कंट्रोल : 'एडास'मधली दोन वेगळी कामं

नवीन गाडी बघायला गेलेला माणूस आता सनरूफनंतर हमखास विचारतो, "एडास आहे का?" एडास म्हणजे कॅमेरा आणि रडारच्या मदतीने चालकाला साथ देणाऱ्या प्रणालींचं एकत्र नाव. काही वर्षांपूर्वी ही सोय महागड्या परदेशी गाड्यांपुरतीच होती. 2020-21 मध्ये एमजीच्या ग्लॉस्टर, ॲस्टर आणि महिंद्राची एक्सयूव्ही 700 आल्या आणि आपल्याकडे तिची चर्चा घरोघरी सुरू झाली. आज ती होंडा अमेझसारख्या लहान सेडानमध्येही मिळते. पण माहितीपत्रकात या नावाखाली छापलेल्या यादीत दोन अगदी वेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र असतात. एक जात चालक चुकेपर्यंत गप्प बसते. दुसरी चालकाचं काम स्वतःच करायला घेते. गाडी चालवताना मोबाइलमध्ये डोकं घालणाऱ्या माणसाला पहिली कदाचित वाचवेल. दुसरीमुळे मात्र त्याला मोबाइलमध्ये डोकं घालायला निवांत वेळ मिळतो. हा फरक न समजता एडासच्या भरवशावर राहणं मला खरोखर धोक्याचं वाटतं.

आधी पहिली जात घेऊ. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंग. आरशामागे काचेला चिकटून बसवलेला कॅमेरा आणि बहुतेक गाड्यांत बंपरमागे किंवा जाळीमागे असलेला रडार पुढचं अंतर सतत मोजत असतात. तुम्ही नीट चालवत असाल तर महिनोन्‌महिने त्यांचं अस्तित्वही जाणवत नाही. पुढची गाडी अचानक थांबली आणि तुमचा पाय ब्रेककडे गेला नाही, की आधी जोरात बीप वाजतो, डिस्प्लेवर लाल खूण येते. तरी काही हालचाल नाही म्हटल्यावर गाडी स्वतः ब्रेक लावते. लेन सुटल्याचा इशारा, आरशात न दिसणाऱ्या गाडीचा इशारा, रिव्हर्स घेताना आडवं येणाऱ्याचा इशारा हीसुद्धा याच घरातली भावंडं.

हा ब्रेक दर वेळी धडक टाळतोच असं नाही. पण ताशी 100 चा वेग धडकेआधी 60 वर आला, तरी आदळण्याची ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांशावर येते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 100 च्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 28 मीटर जाते. फोनवर कुणाचं नाव आलंय ते बघायला दोन सेकंद लागतात, म्हणजे 56 मीटर गाडी डोळे मिटून चालवल्यासारखीच झाली. या 56 मीटरांत काही घडलं, तर त्या वेळी जागं असलेलं दुसरं कुणी तरी हवं. आपत्कालीन ब्रेकचं मोल तिथे आहे.

दुसऱ्या जातीत ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल आणि गाडीला लेनच्या मधोमध ठेवणारी लेन सेंटरिंग या गोष्टी येतात. स्टेअरिंगवरचं बटण दाबून तुम्ही वेग ठरवता, पुढच्या गाडीपासून किती अंतर राखायचं ते सांगता, आणि पाय मोकळा होतो. लेन सेंटरिंग चालू केलं की हातही जवळजवळ मोकळे होतात. ही सोय आणीबाणीची वाट बघत नाही, ती सलग गाडी चालवते. समृद्धी महामार्गावर नागपूरहून निघालेल्या माणसाला हिचा मोह पडणं स्वाभाविक आहे. 701 किलोमीटरचा रस्ता, कारसाठी ताशी 120 ची मर्यादा, ना सिग्नल ना चौक, आणि दोन्ही बाजूंना तासन्‌तास तेच दृश्य. पाय आखडत नाही, वेग आपोआप कमी-जास्त होतो, दमणूक खरंच कमी होते. हे सगळं मान्य. तरीही ही आरामाची सोय आहे, आणि तिला सुरक्षेच्या खात्यात मांडणं मला पटत नाही.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. आपत्कालीन ब्रेक असलेल्या गाडीत चालक तुम्ही असता आणि गाडी शेजारी बसलेल्या त्या शिक्षकाचं काम करते. क्रूझ आणि लेन सेंटरिंग एकत्र चालू केलं की जागा बदलतात : शिकाऊ चालक गाडी, आणि शिक्षक तुम्ही. ती कधी चुकेल ते सांगता येत नाही, आणि चुकली की क्षणात सावरायची जबाबदारी तुमची. कुठला शिक्षक अशा वेळी व्हॉट्सॲप उघडेल?

लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ 'लेव्हल'वरून होतो. लेव्हल 2 म्हणजे लेव्हल 1 पेक्षा सुरक्षित, असं समजून लोक जास्त पैसे मोजतात. एसएई या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेने 2014 मध्ये शून्य ते पाच अशी ही वर्गवारी आणली. गाडी चालकाचं काम सलगपणे किती करते एवढंच त्यात मोजलेलं आहे. क्रूझ किंवा लेन सेंटरिंग यांपैकी एकच असेल तर लेव्हल 1, दोन्ही एकत्र चालत असतील तर लेव्हल 2. आणि जीव वाचवणारा आपत्कालीन ब्रेक? त्याची गणना शून्यात होते, कारण तो क्षणभरच मध्ये पडतो. आकडा जितका मोठा तितकी सुरक्षा जास्त, असा अर्थ त्या वर्गवारीत कुठेही नाही. लेव्हल 2 मध्येही रस्त्यावर नजर ठेवणं आणि होईल त्याची जबाबदारी घेणं पूर्णपणे चालकाकडेच असतं.

आता दोन्हींचा हिशेब बघा. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या आयआयएचएस या संशोधन संस्थेने पोलिसांत नोंद झालेल्या अपघातांचा अभ्यास केला. पुढच्या धोक्याचा नुसता इशारा देणाऱ्या गाड्यांत मागून धडकण्याचे अपघात 27 टक्के कमी दिसले. आपत्कालीन ब्रेकही असेल तर ते निम्म्यावर आले. क्रूझ आणि लेन सेंटरिंग एकत्र चालवणाऱ्या प्रणालींमुळे अपघात कमी होतात, असा ठोस पुरावा मात्र याच संस्थेला मिळाला नाही. मार्च 2024 मध्ये तिने अशा 14 प्रणाली तपासल्या, चालकाचं लक्ष उडालं तर त्या ते ओळखतात का आणि काय करतात हे पाहायला. त्यांतल्या 11 'खराब' ठरल्या.

असं का होतं, याचं उत्तर गाड्यांपेक्षा माणसाच्या मेंदूत आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे रडारवर बसलेले जवान काही वेळाने पडद्यावरच्या खुणा हुकवू लागले, म्हणून नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केले. नुसतं बघत बसण्याच्या कामात पहिल्या अर्ध्या तासातच माणसाची अचूकता घसरते, असं त्याला दिसलं. त्या जवानांच्या हातात मोबाइल नव्हते. आपल्या हातात आहेत.

23 मार्च 2018 ला कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथे टेस्लाची मॉडेल एक्स ऑटोपायलटवर, म्हणजे क्रूझ आणि लेन सेंटरिंग एकत्र चालवणाऱ्या टेस्लाच्या प्रणालीवर, चालली होती. रस्ता फुटतो तिथले पट्टे पुसट झाले होते. गाडी चुकीच्या रेषेमागे गेली, पुढे कुणी नाही म्हणून ठरवलेला वेग गाठायला तिने वेग वाढवला आणि दुभाजकावर आदळली. चालक गेला. त्याचं लक्ष बहुधा फोनवरच्या गेममध्ये होतं, असं अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने म्हटलं. शेवटच्या क्षणी त्याने ना ब्रेक लावला, ना स्टेअरिंग वळवलं. या अपघातात आपत्कालीन ब्रेकही लागला नाही, हेही सांगायला हवं. ब्रेकच्या रूपातला शिक्षक नेहमी वेळेवर पाय मारेलच, याची हमी कुणी देत नाही.

त्याच्या पाचच दिवस आधी ॲरिझोनातल्या टेम्पी इथे उबरच्या स्वयंचलित चाचणी गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि ती दगावली. ही घटना मला जास्त बोलकी वाटते, कारण आपल्या विषयातल्या दोन्ही गोष्टी तिथे समोरासमोर आल्या. गाडी होती व्होल्वो एक्ससी 90. तिचा कंपनीने दिलेला आपत्कालीन ब्रेक चाचणीची प्रणाली चालू असताना बंद ठेवलेला होता. प्रणालीला ती महिला धडकेच्या 5.6 सेकंद आधी दिसली होती, पण समोर नेमकं काय आहे याचा अंदाजच प्रणाली बदलत राहिली. लक्ष ठेवायला नेमलेली चालक फोनवर कार्यक्रम बघत होती. शिक्षक खाली उतरवलेला, शिकाऊ गाडी चालवतोय आणि देखरेख करणारं माणूस फोनमध्ये.

आपल्याकडे वेगळं काय होतं? मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर क्रूझ लावून बघा. गाडी पुढच्या गाडीपासून चांगलं अंतर राखते, आणि त्या मोकळ्या जागेत लगेच कुणी तरी घुसतं. गाडी वेग कमी करते, पुन्हा अंतर तयार होतं, पुन्हा कुणी तरी घुसतं. मागचा ट्रेलर तोवर तुमच्या डिकीला चिकटलेला. लेन सेंटरिंगला पट्टे लागतात. राज्य महामार्गांवर ते कुठे पुसलेले, कुठे दुरुस्तीच्या डांबराखाली गेलेले. वेगात असताना रस्त्यावर उभा असलेला बिघडलेला ट्रक, आडवं आलेलं जनावर, उलट दिशेने येणारा दुचाकीस्वार या सगळ्या गोष्टी क्रूझला ओळखता येतीलच असं नाही. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत हे स्पष्ट छापलेलं असतं. ते पान वाचलेला माणूस मला क्वचितच भेटतो. पावसाळ्यात खंडाळ्याच्या धुक्यात किंवा रडारवर चिखल बसल्यावर प्रणाली 'सध्या उपलब्ध नाही' असा संदेश देऊन सरळ हात वर करते, तेही नेमकं गरज असते त्या वेळी.

हात स्टेअरिंगवर आहेत का, हे बहुतेक गाड्या स्टेअरिंगला लागणाऱ्या हलक्या ओढीवरून ओळखतात. त्यामुळे एक हात चाकावर आणि दुसऱ्यात मोबाइल असला तरी गाडी समाधानी. काही महाभाग पाण्याची बाटली अडकवून तीही ओढ पुरवतात. खुर्ची सोडून बाजूला बसल्याचे रील तर सर्रास फिरत होते. डोळे कुठे आहेत हे चालकाकडे रोखलेला कॅमेराच सांगू शकतो, आणि असा कॅमेरा आपल्याकडे अजून थोड्याच गाड्यांत आहे. युरोपीय संघाने जुलै 2024 पासून नव्या मॉडेलांत लक्ष विचलित झाल्याचा इशारा सक्तीचा केला आहे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या नियमांच्या मार्च 2025 च्या मसुद्यात आपत्कालीन ब्रेक आणि पेंग आल्याचा इशारा बस आणि अवजड ट्रकसाठी सुचवला गेला. अवजड वाहनांपासून सुरुवात करण्याचा विचार मला योग्य वाटतो. क्रूझची सक्ती कुणीही सुचवलेली नाही, हेही लक्षात घ्या.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती लोकांच्या सेटिंगची. माझा मावसभाऊ पुणे-नाशिक रस्त्याला लागला की आधी मेनूत जाऊन इमर्जन्सी ब्रेकिंग बंद करतो. "अरे, रिक्षा जरा आडवी आली तरी कचकन ब्रेक मारते, मागचा येऊन आदळेल," हे त्याचं म्हणणं. त्याची भीती खोटी नाही. आपल्या गर्दीत कधी कधी विनाकारण ब्रेक लागतो. मात्र पुढे मोकळा रस्ता मिळाला की तोच क्रूझ लावतो आणि पायाला विश्रांती देता देता मेसेजही चाळतो. म्हणजे चुकीला सावरणारी गोष्ट बंद आणि चुकायला वाव देणारी चालू. बऱ्याच गाड्यांत ब्रेकची संवेदनशीलता कमी-जास्त करता येते. शहरात ती 'उशिरा'वर ठेवली तर कचकच बरीच कमी होते; पूर्ण बंद करायची गरज नसते.

कायद्यापुढे यातलं काहीच चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 प्रमाणे गाडी चालवताना हातात फोन वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड, सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. नकाशावर रस्ता बघण्यासाठी, तेही लक्ष विचलित न होता, फोन वापरायची तेवढी मुभा आहे. गाडी लेव्हल 2 वर चालली होती ही सबब कुठेही लिहिलेली नाही.

गाडी बघायला जाल तेव्हा 'एडास आहे का' एवढंच विचारून थांबू नका. आपत्कालीन ब्रेक कोणत्या व्हेरियंटपासून मिळतो, तो पादचारी आणि दुचाकी ओळखतो का, किती वेगापर्यंत काम करतो, आणि गाडी दर वेळी सुरू केल्यावर तो आपोआप चालू होतो का, हे विचारा. खालच्या व्हेरियंटमध्ये तो असेल आणि क्रूझ वरच्यातच मिळत असेल, तर क्रूझचे पैसे वाचवायला माझी काहीच हरकत नाही. फास्टॅग चिकटवताना कॅमेऱ्यासमोरची काच मोकळी ठेवा. खडा लागून काच बदलली, तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. क्रूझ लावणारच असाल तर लेन सेंटरिंग बंद ठेवा, म्हणजे स्टेअरिंग तरी हातात राहील आणि नजर रस्त्यावर. फोन सायलेंट करून मागच्या सीटवरच्या बॅगेत टाका.