सुंता (वैद्यकीय शस्त्रक्रिया)

शिश्नाच्या टोकावरच्या मण्याला झाकणारी सैल कातडी, म्हणजे अग्रत्वचा, कापून काढायच्या शस्त्रक्रियेला सुंता म्हणतात. डॉक्टर लोक सर्कमसिजन म्हणतात, मुसलमान घरांत खतना किंवा सुन्नत, आणि सांगली-मिरजेच्या ओपीडीत आलेला माणूस यातलं काहीच न म्हणता आधी दार लावून घेतो आणि मग "कातडी मागं सरकत नाही" एवढंच हळू आवाजात सांगतो.

सुंता हा शब्द अरबी सुन्नतवरून आलाय. सुन्नत म्हणजे पैगंबरांनी घालून दिलेला परिपाठ, प्रत्यक्ष कापण्याच्या क्रियेला अरबीत खत्न किंवा खितान म्हणतात आणि त्यावरून खतना आला. म्हणजे मराठीनं क्रियेचं नाव न घेता तिच्यामागच्या परंपरेचं नाव घेतलं, त्यामुळं शब्दच धार्मिक होऊन बसला आणि हिंदू घरातल्या पोराला डॉक्टरांनी सुंता सांगितली की आजी आधी दचकते. म्हणून बरेच डॉक्टर हा शब्द टाळतात, पण तो टाळायचं खरं तर कारण नाही, इतका सुटसुटीत दुसरा मराठी शब्द नाही.

ही क्रिया मुळात कुठं सुरू झाली यावर बराच वाद आहे. सगळ्यात जुना चित्रपुरावा म्हणून इजिप्तमधल्या सक्कारा इथल्या अंखमाहोरच्या थडग्यातलं कोरीव काम दाखवतात, ते सहाव्या राजघराण्याच्या काळातलं, म्हणजे ढोबळमानानं इ.स.पू. २४०० ते २३०० च्या दरम्यानचं. त्यात खाली बसलेला माणूस उभ्या असलेल्या तरुणाच्या अंगाशी काहीतरी हत्यार धरून आहे, पण काही अभ्यासकांच्या मते निदान एका दृश्यात तरी सुंता नसून पुरोहितपदाच्या आधीची केस काढायची शुद्धिक्रिया आहे. इ.स.पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरॉडोटसनं लिहून ठेवलंय की इजिप्तचे लोक स्वच्छतेसाठी सुंता करतात आणि फिनिशियन वगैरे लोक ती त्यांच्याकडूनच शिकले. त्याच धाग्यावरून पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इलियट स्मिथ या शरीरशास्त्रज्ञानं इजिप्तमधूनच ही चाल जगभर गेली असं मांडलं, पण ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींत ती आढळते त्याचा मेळ यात नीट बसत नाही, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे सुरू झाली असावी हेच जास्त पटण्यासारखं आहे. यहुदी परंपरेत जन्मानंतर आठव्या दिवशी करतात.

आपल्याकडं "सुश्रुतानंही सुंता सांगितलीय" असं सर्रास फॉरवर्ड होत असतं, ते मूळ पाठ बघून तपासायला हवं. सुश्रुतसंहितेच्या काळाबद्दल एकमत नाही, काहीजण इ.स.पू. सहाव्या शतकापर्यंत मागं नेतात, पण आज हातात असलेल्या पाठावर इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत संस्कार झाले असावेत असं मानणं जास्त सुरक्षित. त्यात क्षुद्ररोगांमधे, म्हणजे किरकोळ रोगांत, तीन विकार येतात : अवपाटिका म्हणजे कातडी फाटणं, परिवर्तिका म्हणजे मागं गेलेली कातडी तिथंच अडकणं, आणि निरुद्धप्रकश म्हणजे तोंड आवळून लघवीची धार बारीक होणं. शेवटच्यावरचा उपाय असा की लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची दोन्ही बाजूंनी उघडी नळी तूप लावून आत घालायची, दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी घालत तोंड रुंद करायचं, नाहीतर सेवनी (खालच्या बाजूची शिवणीसारखी रेघ) वाचवून छेद द्यायचा. म्हणजे अख्खी कातडी काढा असं सुश्रुत म्हणत नाही, आधी हळूहळू रुंद करा म्हणतो, आणि मुलांच्या बाबतीत आजचं वैद्यक फिरून तिथंच आलंय. मणी हा शब्दही त्याचाच, आजच्या मराठी शरीरशास्त्रात शिश्नमणी म्हणून टिकलाय.

मुलांचं सांगायचं तर जन्मतः कातडी मण्याला आतून चिकटलेली असते आणि हे नॉर्मल आहे. १९४९ साली इंग्लंडमधे गेर्डनरनं दाखवलं की नवजात मुलांत जेमतेम ४ टक्क्यांची कातडी मागं जाते, पण तीन वर्षांपर्यंत ९० टक्क्यांची मोकळी होते हा त्याचा आकडा आता जरा घाईचा वाटतो. १९६८ साली डेन्मार्कमधल्या शाळकरी मुलांवर ओस्टरनं केलेला अभ्यास जास्त धरून चालावा, त्यात ६-७ वर्षांच्या मुलांत ८ टक्क्यांना फायमोसिस (तोंड आवळल्यानं कातडी मागं न जाणं) होता आणि १६-१७ व्या वर्षी १ टक्का उरला, तोही काही न करता. म्हणून आंघोळ घालताना तेल लावून रोज कातडी जोरात मागं ओढायची सवय फार वाईट, त्यानं बारीक चिरा पडतात, त्या भरताना कातडी कडक होते आणि नसलेला आजार आपल्याच हातानं तयार होतो. लघवी करताना फुगा येतो एवढ्यावरूनही ऑपरेशन लागत नाही. गरज वाटलीच तर आधी बीटामेथासोन ०.०५ टक्के मलम दिवसातून दोनदा ४ ते ८ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, यात बहुतेक मुलांचं काम होतं.

खरी सुंता लागते ती पांढरी कडक वळी पडली असेल (लायकेन स्क्लेरोसस), सारखी सूज आणि पू होत असेल, किंवा मूत्रमार्गात जन्मजात दोष असून वरचेवर इन्फेक्शन होत असेल तर. अडकलेली कातडी, म्हणजे पॅराफायमोसिस, ही इमर्जन्सी आहे, तिथं आधी सूज दाबून कातडी पुढं आणतात, सुंता नंतर बघतात. ज्या मुलाचं लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला आहे त्याची सुंता मुळीच करायची नाही, पुढच्या दुरुस्तीला तीच कातडी लागते, आणि हे धार्मिक सुंता करणाऱ्यांनीही आधी बघायलाच हवं. घरात कुणाला रक्त न थांबायचा आजार असेल तेही आधी सांगावं.

मोठ्या माणसांत आपल्याकडं कारण बहुतेक वेळा साखर असतं. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाच्या कातडीला अचानक भेगा पडायला लागल्या तर पहिल्यांदा शुगर तपासायची, कित्येकांना डायबिटीस असल्याचं तिथंच कळतं. डापाग्लिफ्लोझिनसारख्या डायबिटीसच्या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात, त्यामुळंही बुरशी धरते, अशा वेळी गोळी मनानं बंद न करता डॉक्टरांना दाखवावं.

ऑपरेशन मोठ्यांत जागा बधिर करून अर्ध्या-पाऊण तासात होतं, मुलांना पूर्ण भूल देतात. कातडी शर्टाच्या बाहीसारखी काढून विरघळणारे टाके घालतात, खालच्या बाजूच्या बारीक रक्तवाहिनीकडं नीट लक्ष द्यावं लागतं कारण रक्त बहुतेक तिथूनच येतं. लहान बाळांत प्लास्टिकची रिंग वापरतात, ती साधारण आठवड्यात आपोआप गळते. हल्ली स्टेपलर आणि लेझरच्या जाहिराती फार आहेत, स्टेपलर खरंच लवकर होतो, पण लेझर म्हणून जे करतात ते अनेकदा साधं कॉटरीच (विजेच्या उष्णतेनं कापणं) असतं, आणि लहान मुलांत मोनोपोलर (वीज अंगातून पार जाणारी) कॉटरी धोक्याची, बायपोलरच (वीज चिमट्याच्या दोन टोकांमधेच राहणारी) हवी. जखम दोन आठवड्यांत भरते, संबंध ४ ते ६ आठवडे टाळायचे. कमी कातडी निघणं, जास्त निघणं, छिद्र आवळणं असे त्रास थोड्यांना होतात. संशयास्पद कातडी तपासणीला पाठवावी.

एचआयव्हीचा मुद्दा सांगलीला जवळचा, कारण एकेकाळी हा जिल्हा जास्त लागण असलेल्यांत मोडायचा. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांत (२००५ ते २००७) सुंता केलेल्या पुरुषांना बाईकडून होणारी लागण सुमारे ६० टक्क्यांनी घटली, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली लागण जास्त असलेल्या देशांसाठी शिफारस केली. पुण्यात गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या २२९८ पुरुषांवरच्या, २००४ साली छापून आलेल्या अभ्यासातही सुंता झालेल्यांत एचआयव्ही बराच कमी आढळला, पण गरमी, परमा आणि हर्पिसमधे तसा फरक दिसला नाही, तेव्हा निरोध लागतोच.

मिरजेत १८९४ साली सुरू झालेलं मिशन हॉस्पिटल आणि १९६२ पासूनचं सरकारी मेडिकल कॉलेज यांमुळं कर्नाटकातूनसुद्धा लोक शस्त्रक्रियेसाठी इथं येतात. पूर्वी मुसलमान वस्त्यांत हे काम वस्तरा चालवणारे हज्जाम घरी येऊन करायचे, आता बरेच आईबाप पोराला सर्जनकडंच नेतात.