अडॅप्टर लावला की घरचा मिक्सर अमेरिकेत चालतो का?

अमेरिकेला निघालेल्यांना हमखास मिळणारा सल्ला असा, की घरातला वापरता मिक्सर सामानात घालावा. तिथे पिनेचा अडॅप्टर लावला की तो चालतो. असा समज होणे स्वाभाविक आहे, कारण लॅपटॉपचा किंवा मोबाइलचा चार्जर खरोखरच तसा चालतो. मात्र त्या चार्जरवर बहुधा १००–२४० व्होल्ट असे छापलेले असते, म्हणजे दोन्हीकडचा वीजदाब सामावून घेण्याची सोय त्याच्या आतच असते. अडॅप्टर केवळ पिनांचा आकार जुळवतो. भिंतीतून येणारा दाब भारतात २३० व्होल्ट आणि अमेरिकेत १२० व्होल्टच राहतो. त्यामुळे इथला मिक्सर तिथे मंद फिरतो आणि वाटणाचा भार आला की अडखळतो. उलट, तिथली इस्त्री इथे थेट लावल्यास ती जवळजवळ चौपट वीज ओढून जळू शकते, आणि हा धोका अधिक गंभीर आहे.

पडताळणीसाठी उपकरणाच्या तळाशी असलेल्या पट्टीवर ‘इनपुट’ या शब्दापुढचे आकडे वाचावेत. तिथे फक्त २२०–२४० असेल, तर दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि ७५० वॅटच्या मिक्सरला पेलणारा ट्रान्सफॉर्मर बराच जड असतो. भारतीय वाटणासाठी बनवलेले ११०–१२० व्होल्टचे मिक्सर तिथे विकत मिळतात. माझ्या मते तेच घ्यावेत.